मेइशी कोकान

मेइशी म्हणजे व्हिजिटिंग कार्ड आणि कोकान म्हणजे देवाणघेवाण. जपानमध्ये कामानिमित्त होणारी पहिली भेट बहुधा या छोट्या विधीनेच सुरू होते. कार्डाचे रूढ माप ९१ × ५५ मिलिमीटर. 'मेइशी' या नावाचे मूळ जुन्या चिनी प्रथेत आहे: तिथे बांबूच्या किंवा लाकडाच्या पट्टीवर नाव लिहून ती भेटीआधी आत पाठवत. एदो काळात (१६०३–१८६८) जपानी लोक यजमान घरी नसल्यास नावाची कागदी चिठ्ठी मागे ठेवून जात.

आज पत्ता आणि नंबर फोनमध्येही घेता येतो, तरी कार्ड टिकून आहे. याचे कारण भाषेत शोधावे लागते. समोरच्याला 'अरे' म्हणावे की 'अहो' हे ठरेना, की मराठी माणूस 'कुठं जाणं झालं?' असे विचारून वेळ मारून नेतो. जपानीत असे निसटणे अवघड. केइगो या आदरार्थी भाषेत क्रियापदच बदलते. साध्या बोलण्यात 'जाणे' म्हणजे इकु. समोरची मोठी व्यक्ती जाते तेव्हा इराश्शारु, आणि आपण नम्रपणे स्वतःच्या जाण्याविषयी बोलतो तेव्हा माइरु. समोरचा काचो (सेक्शनचा प्रमुख) आहे, बुचो (विभागप्रमुख) की शाचो (कंपनीचा अध्यक्ष), हे कार्डावरून कळते. मग किती वाकायचे आणि खोलीत कोण कुठे बसणार हेही ठरते. दारापासून सर्वांत लांबची जागा कामिझा, ती पाहुण्याची. दाराजवळची शिमोझा, ती यजमानांतल्या सर्वांत कनिष्ठाची.

देण्याचा क्रम असा: भेटायला आलेला किंवा हुद्द्याने लहान असलेला आधी देतो. अक्षरे घेणाऱ्याला सुलटी दिसतील असे कार्ड धरून, कंपनीचे आणि स्वतःचे नाव सांगून, समोरच्याच्या कार्डापेक्षा किंचित खाली धरून पुढे करायचे. दोघांनी एकदमच दिले तर उजव्या हाताने आपले द्यायचे, डाव्या हातातल्या कार्डकेसवर त्यांचे घ्यायचे आणि लगेच दुसरा हात लावायचा. परदेशी पाहुण्यांना दोन्ही हातांचा धडा पाठ असतो, पण चूक दुसरीकडेच होते. ते बसल्या जागेवरून टेबलापलीकडे पत्ते वाटल्यासारखी कार्डे सरकवतात. उठून, टेबलाला वळसा घालून समोरासमोर जाणे हेच यातले खरे काम.

घेतलेले कार्ड वाचायचे, खरोखर वाचायचे. एकाच कांजीचे (जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षराचे) उच्चार अनेक असू शकतात. 'पूर्व' या अर्थाचे अक्षर आडनावात हिगाशीही असते, आझुमाही. उच्चार विचारण्यात कमीपणा नाही. बैठकीत कार्ड कार्डकेसवर ठेवून समोर राहू द्यायचे. कार्डे अनेक असतील तर माणसे बसली आहेत त्याच क्रमाने मांडायची आणि सर्वांत वरिष्ठाचे कार्डकेसवर ठेवायचे. नावे लक्षात राहण्याची ही उत्तम सोय आहे. कार्डावर ते देणाऱ्यासमोर काही खरडणे किंवा ते पँटच्या मागच्या खिशात घालणे अपमानाचे.

बोलताना आडनावाला आदरार्थी 'सान' जोडतात, मात्र स्वतःच्या नावाला कधीच नाही. बाहेरच्यांसमोर आपल्या साहेबांचे नावही 'सान'शिवाय घेतात, कारण त्या क्षणी आपली कंपनी 'घर' असते आणि घरच्यांचा आदर परक्यांपुढे मिरवत नाहीत. मराठी माणसाला हे पचायला वेळ लागतो.

कार्डाची एक बाजू जपानीत छापून नेणे चांगले. मराठी नावांची मात्र तिथे थोडी फरफट होते. जपानीत ळ नाही, आणि ल व र यांना मिळून एकच ध्वनी आहे. त्यामुळे काळे आडनावाचे गृहस्थ 'कारे' होतात, आणि करीचा जपानी शब्द याच्या फार जवळचा आहे! आडनाव आधी लिहायची तिथली रीत आहे. सरकारी कागदपत्रांत रोमन लिपीतही हाच क्रम १ जानेवारी २०२० पासून लागू झाला.

एप्रिलमध्ये नवे आर्थिक वर्ष सुरू होते आणि कंपन्यांमध्ये बदल्यांची धांदल असते. हुद्दा बदलला की कार्ड बदलते. त्यामुळे वर्षानुवर्षांचा ओळखीचा माणूसही नव्या खुर्चीत बसल्यावर उभा राहून नवे कार्ड पुढे करतो.