चकतीवरचा एकूण विद्युतप्रभार सरासरीने निघत नाही

केंद्रातल्या आणि कडेच्या प्रभारघनतेची, म्हणजे दर चौरस मीटरवरच्या प्रभाराची, सरासरी क्षेत्रफळाने गुणली की चकतीवरचा एकूण प्रभार मिळतो, हा जुना समज चुकीचा आहे. १ मीटर त्रिज्येच्या चकतीवर घनता, केंद्रापासून जितके मीटर अंतर तितके मायक्रोकूलोम दर चौरस मीटरला, अशी वाढत असेल, तर या हिशेबाने सुमारे १.५७ मायक्रोकूलोम येतात. दुहेरी संकलन, म्हणजे चकतीच्या बारीक तुकड्यांवरच्या प्रभारांची बेरीज, मात्र सुमारे २.०९ देते. कारण ०.९ मीटर त्रिज्येच्या अरुंद कड्याचे क्षेत्रफळ तेवढ्याच रुंदीच्या, ०.१ मीटर त्रिज्येच्या कड्याच्या नऊपट असते, आणि ध्रुवीय निर्देशकांत (बिंदूची जागा केंद्रापासूनचे अंतर आणि कोन यांनी सांगताना) संकलन करताना त्रिज्येने जादा गुणावे लागते ते याचसाठी. गंमत म्हणजे घनता अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढली, तर सरासरीचे उत्तरही योगायोगाने बरोबर येते.