चेरीला कात्री लावायचीच नाही?

जपानमध्ये एक जुनी म्हण आहे: चेरी छाटणारा मूर्ख आणि उमे (जपानी आलुबुखार) न छाटणाराही मूर्ख. या म्हणीपायी अंगणातल्या फुलांच्या चेरीला हात लावायला लोक आजही घाबरतात. चेरीच्या जखमेतून बुरशी सहज शिरते आणि लाकूड कुजतं, एवढं खरं. पण म्हणून छाटणीच नको, हे साफ चूक.

आओमोरी प्रांतातलं हिरोसाकी बघा. सफरचंदांचा मुलूख. तिथल्या किल्ल्याच्या बागेत चेरीही सफरचंदासारखीच छाटतात. चेरीच्या सोमेई योशिनो या जातीचं आयुष्य साठेक वर्षांचं असं सर्रास सांगतात. इथे मात्र शंभरी ओलांडलेली कितीतरी झाडं आहेत आणि 1882 साली लावलेलं एक अजून फुलतं!

शिवाय काही वेळा न छाटणंच झाडाच्या जिवावर बेततं. एखाद्या फांदीवर बारीक काड्यांचा दाट झुबका दिसला, ऐन बहरात तिथे फुलांऐवजी नुसती पानं फुटली, तर तो बुरशीचा रोग समजा. त्यावर औषध शोधत बसू नका. हिवाळ्यात, पानं गळलेली असताना, सुजलेल्या गाठीच्या खालून फांदी कापा आणि जाळून टाका.

कापताना खुंट ठेवू नका, तो वाळून कुज आत नेतो. खोडालाही घासून कापू नका. फांदीच्या बुडाशी जो फुगीर वेढा असतो, त्याच्या अगदी बाहेरून कापा, म्हणजे जखम लवकर भरते. मोठ्या जखमेवर जपानी माळी लगेच मलम लावतात. आणि नको असलेली फांदी बोटाएवढी असतानाच काढा, मनगटाएवढी होईपर्यंत थांबू नका.