स्वयंचिकट विनाइल फरशी

पॉलिव्हिनाइल क्लोराइड (पीव्हीसी), चुनखडीची भुकटी व रंगद्रव्ये यांपासून बनविलेली पातळ फरशी. तिच्या पाठीवर नुसत्या दाबाने चिकटणारा गोंद असतो व तो सोलून काढण्याच्या कागदाने झाकलेला असतो. जाडी सामान्यतः १.२ ते २ मिमी. मूळचा प्रचलित आकार १२ इंची (सु. ३०५ मिमी.) चौरस; अलीकडे लाकडी फळीसारख्या लांब पट्ट्याही मिळतात. बाजारात तिला ‘स्टिकर टाइल’ किंवा ‘पील अँड स्टिक’ म्हणतात.

उगम : विनाइल व दाबचिकट गोंद हे दोन शोध वेगवेगळ्या वाटांनी आले आणि बऱ्याच उशिरा एकत्र झाले. त्यामुळे या फरशीचा एकच जनक सांगणे कठीण आहे. पीव्हीसीचे श्रेय अनेक जुन्या ग्रंथांत फ्रेंच रसायनज्ञ आंरी व्हिक्तॉर रेनो यांना दिलेले आढळते (सु. १८३५–३८). मात्र सूर्यप्रकाशात त्यांना मिळालेली पांढरी पूड व्हिनिलिडीन क्लोराइड या वेगळ्या संयुगापासून झालेली असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. तसे मानल्यास अग्रमान जर्मनीतील ऑयगेन बाउमान (१८७२) यांच्याकडे जातो. १९१३ मध्ये फ्रिट्झ क्लाट्टे यांना या पदार्थाबाबत जर्मन एकस्व (पेटंट) मिळाले. पण पदार्थ ठिसूळ असल्याने त्याचा व्यवहारात फारसा उपयोग झाला नाही. ही अडचण अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन यांनी १९२६ च्या सुमारास दूर केली. उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात पीव्हीसी तापविल्यावर त्यांना लवचिक, रबरासारखा पदार्थ मिळाला. खरे तर ते रबर धातूला चिकटविणारा पदार्थ शोधत होते. तो गोंद साधला नाही, विनाइल मात्र साधले. १९३३ च्या शिकागो प्रदर्शनात विनाइलची फरशी मांडली गेली. ती सर्रास वापरात आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर.

गोंदाची परंपरा याहून जुनी आहे. रबरी गोंद लावलेल्या वैद्यकीय पट्टीचे अमेरिकी एकस्व १८४५ चे आहे. रिचर्ड ड्रू यांची रंगाऱ्यांसाठीची चिकटपट्टी १९२५ ची, तर स्टँटन अ‍ॅव्हरी यांची स्वयंचिकट लेबले १९३५ ची. सिलिकोनचा लेप दिलेला, गोंदाला न धरणारा कागद स्वस्त झाल्यावर हा गोंद फरशीच्या पाठीवर देणे परवडू लागले. अशी फरशी अमेरिकी घरगुती बाजारात रुळली तो काळ स्थूलमानाने १९७० च्या आसपासचा धरतात.

त्याआधीच्या पिढीतील विनाइल फरशीत अ‍ॅस्बेस्टस तंतू (श्वासावाटे शरीरात गेल्यास घातक) असत. ९ इंची चौरस हा तिचा एक परिचित आकार. भारतातही पीव्हीसी-अ‍ॅस्बेस्टस फरशीसाठी स्वतंत्र मानक (आयएस ३४६१) होते. अशी जुनी फरशी घासू किंवा फोडू नये. ती तपासून घ्यावी.

गोंदाचे कार्य : हा गोंद वाळून घट्ट होत नाही, कायम अर्धवट द्रव अवस्थेत राहतो. कार्ल डाल्क्विस्ट यांच्या निकषानुसार, नेहमीच्या तापमानाला गोंदाचा प्रत्यास्थता गुणांक (कडकपणाचे माप) सु. ३ × १०⁵ पास्कलपेक्षा कमी असेल तरच तो हलक्या दाबाने पृष्ठभागाच्या बारीक खळग्यांत शिरून पकड घेतो. थंडीत गोंद कडक होतो व ही मर्यादा ओलांडतो. म्हणून फरशीचे खोके एक-दोन दिवस त्याच खोलीत उघडून ठेवतात. धूळ बसली की गोंद जमिनीऐवजी धुळीला चिकटतो; घरगुती कामातील बहुतेक अपयश येथूनच सुरू होते. दुसरा दोष सावकाश दिसतो. विनाइलमधील प्लॅस्टिसायझर (लवचिकपणा आणणारे द्रव्य) गोंदात झिरपून त्याला मऊ करतो; मग फरश्या सरकतात व सांध्यांतून काळा चिकट रस वर येतो.

बसविणे : समोरासमोरच्या भिंतींचे मध्य काढून दोन दोऱ्या मारतात व त्यांचा काटकोन ३-४-५ च्या मापाने (बाजू ३ व ४, तर कर्ण ५) तपासतात. जुन्या घरांच्या भिंती क्वचितच काटकोनात असल्याने भिंतीपासून सुरुवात करणे चुकीचे ठरते. प्रथम कागद न सोलता एक ओळ मांडून पाहतात. भिंतीलगत अर्ध्याहून अरुंद तुकडा येत असेल तर मध्यरेषा अर्ध्या फरशीने सरकवितात. पाठीवरचे बाण ठरलेल्या दिशेने ठेवून, मध्यापासून बाहेर, कडेला कड भिडवून फरशी टेकवितात आणि मग दाबतात. ती सरकवून बसविता येत नाही. कापताना कटरने वरून खोल रेघ ओढून मोडणे पुरते. शेवटी लाटणीने (व्यावसायिक कामात सु. ४५ किग्रॅ. वजनाच्या) दाब देतात. पुढे काही दिवस ओले पुसणे टाळावे.

जमिनीची तयारी हाच खरा कामाचा भाग. महाराष्ट्रातील जुन्या सदनिकांतील मोझॅक सपाट असल्याने सोयीचे, पण त्यावरचे मेणाचे पॉलिश पूर्ण काढावे लागते. शहाबादी फरशीचे रुंद सांधे भरले नाहीत तर काही महिन्यांत ते वरच्या विनाइलवर उमटतात. कोबा भुसभुशीत असल्यास प्राइमर लागतो. तळमजल्यावर ओल तपासण्यासाठी सु. ४५ सेंमी. चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून निदान १६ तास ठेवतात. खाली दव दिसले तर काम थांबवावे. कोकणात ही चाचणी उन्हाळ्यात घेऊन फारसा अर्थ नाही. न्हाणीघर व मोरीत ही फरशी बसविण्याची जाहिरात होते. सांध्यांतून पाणी जात असल्याने ती शिफारस स्वीकारणे कठीण आहे.

भारतात लवचिक पीव्हीसी फरशी घालण्याची कार्यसंहिता (आयएस ५३१८) आहे. ती मुख्यतः वेगळा गोंद लावून केलेल्या कामाची आहे. शहरांत या फरशीला मागणी प्रामुख्याने भाड्याच्या घरांतून आहे, कारण तोडफोड करावी लागत नाही. काढताना केस वाळविण्याच्या यंत्राने कड तापवून पट्टीने उचलतात; उरलेला गोंद टर्पेंटाइनने निघतो, मात्र मोझॅकला पुन्हा पॉलिश करावे लागते. रबरी पाठीची पायपुसणी विनाइलवर कायमचा पिवळट डाग पाडतात.