अडकलेला सर्व्हर: रिबूट करायचा की मुद्दाम क्रॅश?

हिंजवडी किंवा खराडीत लिनक्स सपोर्टची रात्रपाळी करणाऱ्यांना हे ओळखीचं आहे. सर्व्हर पिंगला (नेटवर्कवरून जिवंत आहे का, हे तपासणाऱ्या हाकेला) उत्तर देतो, पण डेटाबेस ठप्प, नवं लॉगिन होत नाही आणि क्लायंट कॉलवर ताटकळलेला. सुदैवाने एक रूट सेशन, म्हणजे सर्वाधिकार असलेलं लॉगिन, आधीपासून उघडं आहे. तिथून सिसआरक्यू-ट्रिगर फाइलमध्ये (हिच्यात लिहिलेलं अक्षर म्हणजे कर्नलला, लिनक्सच्या गाभ्याला, थेट हुकूम) एक अक्षर लिहायचं: 'बी' की 'सी'? दोन्हींत मशीन पडतं आणि बहुतेकदा पुन्हा उठतं, म्हणून नवी मुलं दोन्ही एकच समजतात.

'बी' म्हणजे तडकाफडकी रिबूट. डिस्क सिंक नाही (मेमरीतला डेटा डिस्कवर उतरवणं नाही), अनमाउंट (डिस्क नीट सोडवणं) नाही. कुठली प्रोसेस कुठल्या लॉकसाठी (दुसऱ्या प्रोसेसने अडवलेल्या गोष्टीसाठी) थांबली होती, हे मेमरीतच होतं, तेही गेलं. पंचनाम्याआधीच अपघातातली गाडी हलवावी, तसं.

'सी'ही डिस्क सिंक करत नाही. पण तो कर्नलला पॅनिक करायला, म्हणजे मुद्दाम कोसळायला लावतो, आणि केडंप (क्रॅशच्या वेळची मेमरी जपून ठेवणारी सोय) लावलेला असेल तर खरी गंमत पुढे आहे. बूट होतानाच 'क्रॅशकर्नल' पॅरामीटरने थोडी मेमरी राखून ठेवलेली असते आणि तिथे दुसरा कर्नल तयार बसलेला असतो. पॅनिक झालं की केएक्झेक (चालू कर्नलमधून थेट दुसरा कर्नल सुरू करणारी यंत्रणा) बायोसला वळसा घालून थेट त्याच्यात उडी मारतं, त्यामुळे जुनी मेमरी पुसली जात नाही. दुसरा कर्नल ती व्हीएमकोअर (मेमरीची प्रत असलेली डंप फाइल) म्हणून वाचतो, नको ती पानं गाळून डिस्कवर ठेवतो आणि मग रिबूट करतो. सकाळी 'क्रॅश' या टूलमध्ये, त्याच कर्नलच्या डीबगइन्फोसह (कोडमधली नावं ओळखू देणाऱ्या माहितीसह), ती फाइल उघडा. 'बीटी'ला अडकलेल्या प्रोसेसचा पीआयडी (प्रोसेस क्रमांक) दिला की तिचा कॉल स्टॅक, म्हणजे ती कुठल्या फंक्शनमधून कुठे येऊन थांबली ते, समोर येतं. ही सोय कर्नलमध्ये 2005 साली, 2.6.13 आवृत्तीत आली. मला ती लिनक्समधल्या सगळ्यात सुंदर कल्पनांपैकी एक वाटते.

म्हणून माझं स्पष्ट मत: मशीन वारंवार अडकत असेल आणि कारण सापडत नसेल, तर 'सी'च द्या. 'बी'ने आजची रात्र निभते, पण पुढच्या वेळी तुम्ही तितकेच अंधारात असता.

मात्र केडंपची सर्व्हिस चालू आहे ना, हे आधी बघा. ती बंद असेल तर 'सी' देऊन डंप मिळत नाही, आणि कर्नलची पॅनिक सेटिंग शून्य असेल तर मशीन उठतही नाही, तसंच पडून राहतं. व्हीएमकोअर व्हेंडरला पाठवण्याआधी क्लायंटची परवानगी घ्या; गाळलेल्या डंपमध्येही संवेदनशील माहिती उरू शकते.