ग्रीनला होल कधी मारायचे? मे की ऑक्टोबर

ग्रीन म्हणजे गोल्फच्या मैदानात चेंडू घालायच्या खळग्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. पाणी खाली उतरावं म्हणून तिच्यात भोकं पाडतात, त्याला होल मारणं म्हणतात. ते मेमध्ये करायचं की ऑक्टोबरात, यावर खेळणारे आणि माळी यांच्यात वाद आहे. भारतात गोल्फचा पहिला क्लब 1829 मध्ये कोलकात्यात निघाला. पाण्याची वानवा असलेल्या भागात पुढे बराच काळ हिरवळीऐवजी तेल मुरवलेल्या वाळूचे 'ब्राऊन' चालले. हिरवळ आली ती थंड देशांतलं देखभालीचं वेळापत्रक सोबत घेऊनच, म्हणजे हिवाळा मध्यभागी धरून आखलेलं. कोल्हापूरच्या हवेत ते बसत नाही. इथली थंडी हरळीला झोपवण्याइतकी टिकत नाही. ग्रीनचा जीव जातो तो पावसाळ्यात.

आजच्या ग्रीनवरची बहुतेक हिरवळ संकरित. आपल्या बांधावरची हरळी आणि आफ्रिकेतली तिची बारीक पानांची जात यांचा हा संकर. 1956 मध्ये त्यातली ग्रीनजोगी जात आली आणि 1965 मध्ये तिच्याहून ठेंगणी. बी धरत नाही, कांड्या रोवाव्या लागतात. उन्हाची हावरी असल्याने आर्द्रा-पुनर्वसूच्या झडीत तिचं पान मऊ पडतं आणि उघड्या जागी शेवाळ धरतं.

खाली पाणी तुंबलं तर हे दुपटीने होतं, आणि ते तुंबतं जुन्या सवयीमुळे. हिरवळीवर वर्षानुवर्षं तांबडी माती नि शेणखत पसरलं जाई. तालमीतली माती तेल, ताक, हळद घालून जपणाऱ्या गावाला हे पटणारच, पण तालमीतली माती रोज उकरली जाते, ग्रीनखालची थरावर थर बसून दाबली जाते. अमेरिकेत 1960 मध्ये नवी रचना ठरली: खाली सुमारे 10 सेंटिमीटर खडी, वर 30 सेंटिमीटर वाळूचं मिश्रण. मुसळधार सर थांबल्यावरही अशा ग्रीनला लवकर वाफसा येतो. सगळे ग्रीन उखडून नव्याने बांधणं मात्र खर्चाचं, म्हणून होल मारणं आलं: पोकळ दात्यांनी सात-आठ सेंटिमीटर खोल मातीच्या कांड्या काढायच्या आणि भोकांत कोरडी वाळू झाडूने लोटायची.

वाद वेळेचा आहे. ग्रीन दोन-तीन आठवडे खडबडीत राहतं, चेंडू उड्या मारतो. मे महिना सुट्टीचा, म्हणून खेळणारे म्हणतात, ऑक्टोबरात करा. माळी मे मागतात, आणि त्यांचंच बरोबर आहे. वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की हरळी जोमात असते, भोकं मृगाच्या आत भरून येतात आणि जुलैतलं पाणी त्यांतूनच खाली उतरतं. हस्त ओसरल्यावर मारलेले होल त्या वर्षीच्या पावसाच्या काही उपयोगाचे नसतात. ते दाबलेली जमीन मोकळी करायला जरूर मारावेत, पण मेच्या बदल्यात नव्हे.

अलीकडे त्यात वाळूच्या अडचणीची भर पडली आहे. नदीच्या वाळूवर निर्बंध आले, दगड फोडून केलेली क्रशसँड आली. तिची पूड न धुता वापरली तर मोकळी केलेली भोकं पुन्हा बुजतात. चाळून, धुऊन घेतलेली वाळू मेआधीच छपराखाली भरून ठेवावी लागते. पावसाळाभर कापणीचं पातं तीन-चार मिलिमीटरवरून पाचावर चढवलं, तर ढगाळ दिवसांत पानाला थोडा जास्त उजेड मिळतो. त्याने चेंडू संथ होतो, अशी तक्रार तेव्हाही येतेच.