‘पंपिंग किती टक्के?’ या प्रश्नाच्या पुढचे थोडेसे
(टू-डी इको, म्हणजे ध्वनिलहरींनी होणाऱ्या हृदयाच्या तपासणीसाठी येणाऱ्यांकरिता माहितीपत्रक, सातारा)

तपासणी संपत आली, की टेबलावरून उठण्याआधीच बहुतेक जण विचारतात, “पंपिंग किती टक्के आहे?” प्रश्न रास्त आहे, मात्र तो आकडा हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्ताचा किती हिस्सा एका ठोक्याला बाहेर पडला एवढेच सांगतो, प्रत्यक्ष किती रक्त बाहेर पडले हे सांगत नाही.

निरोगी प्रौढ व्यक्ती शांत पडून असताना या कप्प्यात साधारण १२० मिलिलिटर रक्त भरते आणि त्यातील सुमारे ७० मिलिलिटर एका ठोक्याला पुढे जाते. भिंती जाड होऊन कप्प्यात जेमतेम ७० मिलिलिटरच मावत असेल, तर पंपिंग ६० टक्के असूनही बाहेर पडते ४२ मिलिलिटर. उलट, पसरलेल्या हृदयात २०० मिलिलिटर मावत असेल, तर ३५ टक्क्यांनाही ७० मिलिलिटर बाहेर पडते, पण म्हणून ते हृदय निरोगी ठरत नाही.

एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडेल, हे तीन गोष्टींवर ठरते. पहिली गोष्ट भरण्याची. बेचकीचे रबर जितके ताणावे तितका खडा जोरात सुटतो, तसेच हृदयाचा स्नायू मर्यादेत जितका ताणला जाईल तितक्या जोराने आकुंचन पावतो. ओटो फ्रँक आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या शास्त्रज्ञांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. जुलाब झाले, दिवसभर उन्हात राबून पाणी कमी पडले किंवा फार वेळ एका जागी उभे राहिल्याने रक्त पायांत साठले, की हृदय चांगले असूनही ठोका हलका पडतो. नाडी अतिशय जलद झाली, तर भरायला वेळच उरत नाही.

दुसरी गोष्ट स्नायूच्या स्वतःच्या जोराची, जो हार्ट अटॅकनंतर घटू शकतो.

तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे, ती म्हणजे समोरचा विरोध. विहिरीवरची तीच मोटार माळावरच्या टाकीत पाणी चढवू लागली, की धार बारीक होते. वाढलेले बीपी किंवा अरुंद झालेली महाधमनीची झडप हृदयापुढे असाच चढ उभा करते. वर्षानुवर्षे हा चढ चढताना भिंती जाड होतात, आणि वर सांगितलेला ४२ मिलिलिटरचा हिशेब बहुधा येथूनच सुरू होतो. म्हणून त्रास होत नसला तरी बीपीची गोळी मनाने बंद करू नये, ही कळकळीची विनंती.

अजिंक्यतारा चढताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात, हृदयाचा जोरही वाढतो आणि दर ठोक्याला अधिक रक्त पुढे जाते. नियमित धावणाऱ्यांचे विश्रांतीतील ठोकेही मोठे असतात, त्यामुळे त्यांची नाडी पन्नाशीत असणे हे पुष्कळदा दोषाचे लक्षण नसते.

एका ठोक्याला बाहेर पडणारे रक्त मोजताना आम्ही महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या वाटेचा व्यास घेतो. व्यास २ सेंटिमीटर आणि एका ठोक्याला रक्ताने कापलेले अंतर २० सेंटिमीटर असेल, तर उत्तर सुमारे ६३ मिलिलिटर येते. व्यास मोजताना २ मिलिमीटर कमी धरला गेला, तर तेच ५१ होते. प्रोब (छातीवर टेकवायचे उपकरण) लावलेला असताना आपल्याला काही क्षण श्वास रोखायला सांगून आम्ही पुन्हा पुन्हा माप घेतो, ते यासाठी.

या साध्या तपासणीला उपाशीपोटी येण्याची गरज नाही. नेहमीच्या गोळ्या घेऊन यावे आणि जुने रिपोर्ट सोबत आणावेत. मापे घेताना असलेले बीपी आम्ही रिपोर्टवर लिहून देतो.