घरगुती पोर्टेबल जनरेटर (कोकण)

लाईट गेल्यावर घरातली गरजेपुरती उपकरणं चालवायला वापरतात ते पेट्रोलवर चालणारं वीज तयार करायचं छोटं मशीन, दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलता येईल एवढं. पुस्तकात ह्याला जनित्र म्हणतात, पण बोलताना कोणी जनित्र म्हटलेलं ऐकलं नाही, सगळे जनरेटरच म्हणतात. घरगुती वापराचे साधारण १ ते ५ केव्हीएपर्यंतचे (केव्हीए हे जनरेटरची ताकद मोजायचं माप) असतात, त्याच्या पुढे हॉस्पिटलं, सोसायट्या, मंगल कार्यालयं वगैरेंचे डिझेलवाले मोठे सेट सुरू होतात, तो विषय वेगळा.

महाराष्ट्रात हा प्रकार घरोघरी माहीत झाला तो २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत. तेव्हा बाजारपेठेत संध्याकाळी फिरलात तर प्रत्येक दुकानाच्या पायरीवर एक लाल किंवा निळा डबा थडथडत असायचा आणि रॉकेलचा वास रस्ताभर. ते सेट पेट्रोलवर सुरू करायचे, इंजिन तापलं की कॉक (इंधनाचा छोटा नळ) फिरवून रॉकेलवर घ्यायचे, बंद करायच्या आधी परत पेट्रोलवर, नाहीतर दुसऱ्या दिवशी सुरू होत नसत. पुढे लोडशेडिंग कमी झालं, इन्व्हर्टर-बॅटरी स्वस्त झाल्या, शहरांतून जनरेटर जवळजवळ गेलाच. कोकणात मात्र राहिला, कारण तिथे प्रश्न दोन तास लाईट जाण्याचा नसतो, दहा दिवस जाण्याचा असतो.

निसर्ग वादळात हे नीट कळलं. ३ जून २०२० ला दुपारी हे वादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं, वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. नारळ-पोफळी आडव्या झाल्याच पण त्यांच्यासोबत विजेचे खांबही, आणि श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड, दापोली ह्या भागातल्या कितीतरी गावांत लाईट यायला आठवडेच्या आठवडे गेले. इन्व्हर्टर पहिल्या रात्रीतच संपला. १५० एएचची (अँपिअर-अवरची) बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट, हातात येतात एखाद-दीड, त्यात एक पंखा नि चार बल्ब रात्रभर. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी खाली, विहीर भरलेली, आणि वरची टाकी रिकामी.

तेव्हा कोकणातल्या घरात जनरेटर हा लाईटसाठी नसतो, पाण्यासाठी असतो. विकत घेताना बहुतेक लोक पंखे-बल्ब-टीव्हीचे वॅट मोजत बसतात आणि पंप विसरतात, नि मग घरी आणून पंप लावला की इंजिन एकदा कण्हतं आणि बंद पडतं.

किती केव्हीएचा घ्यायचा

१ एचपी म्हणजे ७४६ वॅट हे शाळेत शिकलेलं असतं, पण ते मोटर बाहेर किती काम देते त्याचं माप. आत ओढताना ती हजार-अकराशे वॅट ओढते, आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या तिप्पट-चौपट, कधी त्याहून जास्त. महावितरणच्या लाईनला हा झटका जाणवतही नाही, जनरेटरला जाणवतो. म्हणून २ केव्हीएवर १ एचपीचा पंप बऱ्याचदा उचलतच नाही, ३ केव्हीए लागतो आणि तोही बाकीचं सगळं बंद ठेवून. अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक (मोटर नि पंप एकत्र असलेला) पंप असेल तर २ केव्हीएत भागतं. बोअरवेलचा थ्री-फेज पंप असेल तर घरगुती सिंगल-फेज जनरेटरचा तिथे उपयोग नाही. फ्रिजचंही तसंच, चालू असताना शे-दीडशे वॅट पण कॉम्प्रेसर उठताना एकदम उडी मारतो.

आणि केव्हीए म्हणजे किलोवॅट नव्हे, मोटरच्या लोडला साधारण ०.८ ने गुणायचं. दुकानदार बोर्डवर जो आकडा मोठा करून लिहितो तो पुष्कळदा मॅक्सिममचा असतो, म्हणजे काही मिनिटं झेपेल तेवढा, सतत चालायचा आकडा त्याच्या खाली बारीक अक्षरात. तो बघायचा.

साध्या जनरेटरमध्ये इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं म्हणून ५० हर्ट्झची वीज मिळते, फेरे कमी-जास्त झाले की फ्रिक्वेन्सीही हलते, बल्ब श्वास घेतल्यासारखा मंद-मोठा होतो. इन्व्हर्टर जनरेटर म्हणून जो महाग प्रकार मिळतो त्यात वीज आधी डीसी करून परत एसी बनवतात, त्यामुळे लोड कमी असला की इंजिन हळू फिरतं, आवाज कमी, पेट्रोल कमी, नि वजनही कमी, १ केव्हीएचा तर १३-१४ किलोचा येतो, एका हातात. लॅपटॉप, वायफाय, औषधाचा छोटा फ्रिज एवढ्याला तो उत्तम, पण पंपाच्या नावाने आपटतो.

घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी जनरेटरवर चार्ज करायला गेलं की अजून एक गंमत होते, इन्व्हर्टर मेन्स आल्याचं मानायलाच तयार नसतो, कारण व्होल्टेज डुगडुगतं. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असा एक छोटा स्विच असतो, तो नॉर्मलवर केला की बहुतेकदा घेतो. हा स्विच आपल्याकडे आहे हे निम्म्या लोकांना माहीत नसतं.

वायरिंग

ह्या नोंदीत सगळ्यात महत्त्वाचं हेच. जनरेटरची वीज घरात आणायचे दोन बरे मार्ग आहेत. एक, जाड एक्स्टेन्शन वायर टाकून थेट उपकरण लावायचं. दोन, वायरमनकडून मीटरच्या पुढे चेंजओव्हर स्विच बसवून घ्यायचा. ह्याच्या मधोमध ऑफ असतो, एकीकडे लाईन, दुसरीकडे जनरेटर, आणि हँडल एकावेळी एकाच बाजूला जातं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा घ्यायचा, नुसता फेज तोडणारा नाही.

तिसरा मार्ग जो गावोगावी चालतो तो म्हणजे दोन्ही टोकांना पिन टॉप (प्लग) लावलेली वायर, एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या कुठल्याही पंधरा अँपियरच्या सॉकेटला, की सगळं घर चालू. ह्यात मेन स्विच पाडायचा राहिला की वीज उलटी मीटरमधून, खांबावरून डीपीपर्यंत जाते. डीपी म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, तो रोज ११ हजार व्होल्टचे आपले घरगुती व्होल्ट करतो, उलटं दिलं तर उलटंही करतो. तुमच्या पडवीतल्या २३० व्होल्टचे वरच्या तारेत हजारो व्होल्ट होतात, आणि त्या वेळी तिथे वर कोण असतं, तर वादळात चार दिवस न झोपता खांब उभे करणारा लाईनमन. महावितरणने त्याला नाव दिलंय जनमित्र, जनित्र आणि जनमित्र ह्यात एका अक्षराचा फरक आहे पण जनित्रवाल्याच्या लक्षात तो राहत नाही. वर खांबावर माणूस नसला तरी सुटका नाहीच, कारण तेवढ्यात खरी लाईट आली तर दोन्ही वीज एकमेकांवर आदळतात आणि जनरेटरचं वाइंडिंग जळतं, शिवाय त्या वायरचं एक टोक सॉकेटमधून निसटलं तर वीज असलेली उघडी पिन हातात. मेन पाडतो ना आम्ही, असं सगळे म्हणतात. अंधारात, पावसात, घाईत एखाद्या दिवशी नाही पाडत.

धूर

पेट्रोलच्या इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास, रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, नि झोप लागली की माणूस उठत नाही. वास येणारा धूर बाहेर जातोय म्हणजे सगळं बाहेर गेलं असा हिशोब इथे चुकतो.

कोकणात ह्यात खास अडचण पडवीची आहे. पाऊस धो-धो, मशीन भिजू द्यायचं नाही, उचलून कोण नेणार खळ्यापर्यंत, म्हणून पडवीत ठेवतात, फार तर एक झाप (नारळाच्या झावळ्यांचा आडोसा) वर करून. पडवीला तीन बाजू मोकळ्या असल्या तरी चौथ्या बाजूला घराचं दार असतं आणि वारा फिरला की सगळा धूर माजघरात. घरापासून निदान २० फूट लांब, सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट बाजूला, त्या बाजूच्या खिडक्या बंद, आणि पावसासाठी वर चार बांबूंवर पत्रा, बाजू सगळ्या उघड्या, एवढं केलंच पाहिजे. गोठ्यात तर अजिबात नको, गुरांनाही तोच धूर लागतो.

आवाजाचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या नियमांत पेट्रोल-रॉकेलच्या सेटला सप्टेंबर २००३ पासून ८६ डेसिबलची मर्यादा आहे. शांत रात्री तेवढाही शेजारच्या वाडीत ऐकू जातो आणि सकाळी चार घरचे चार्जर घेऊन लोक हजर होतात, त्याला काही उपाय नाही, असूही नये.

चालवणं आणि पेट्रोल

सुरू करताना कॉक उघडा, चोक ओढा, स्विच ऑन, मग दोरी आधी हळू ओढायची, कुठेतरी अडते, तिथून एकदम जोरात. पहिल्यांदा ओढणारा हमखास हळूच ओढत राहतो नि घामाघूम होतो. इंजिन लागलं की चोक हळूहळू आत, दोन-तीन मिनिटं लोड न देता चालू द्यायचं, मग आधी पंप, तो उठून स्थिर झाला की बाकीचं. बंद करताना उलटं, आधी लोड काढायचा.

पेट्रोल तासाला लिटरच्या आसपास जातं, आकार नि लोडप्रमाणे कमी-जास्त. लोड चांगला असेल तर एका लिटरमध्ये जेमतेम दोन युनिट निघतात, म्हणजे शंभरच्या वर गेलेल्या पेट्रोलने एक युनिट पन्नास रुपयांना पडतं, आणि नुसता एक बल्ब लावून रात्रभर चालवलं तर त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे शहाणी माणसं सकाळी तास-दीड तास आणि संध्याकाळी तेवढाच चालवतात, त्यात टाकी भरायची, फ्रिज थंड करून घ्यायचा, बॅटरी नि मोबाईल लावायचे. मधल्या वेळात फ्रिज उघडायचा नाही, बंद दाराआड चारेक तास थंडावा टिकतो.

शिवाय मोठ्या वादळानंतर पेट्रोल मिळतंच असं नाही, पेट्रोल पंपालाही वीज लागते, रस्त्यावर झाडं पडलेली, कार्ड चालत नाही, रोख लागते. घरात साठवायला कायद्याने मुभा ३० लिटरपर्यंत, विकायला नसेल तर, पण तेवढं कशाला, दहा लिटर धातूच्या कॅनमध्ये चुलीपासून लांब पुरे. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नये, पाच-दहा मिनिटं थांबावं, सांडलं की पेटतं.

देखभालीत ऑईल सगळ्यात आधी. टाकीत पेट्रोल आहे, प्लग ठीक आहे, तरी सुरू होत नाही, असं झालं तर निम्म्या वेळा ऑईल कमी असतं, आतला सेन्सर इंजिन लागूच देत नाही. पहिलं ऑईल २० तासांनी बदलायचं, नंतर दर १०० तासांनी. आमच्याकडे गेल्या खेपेला गणपतीनंतर टाकीत पेट्रोल तसंच राहिलं, मे महिन्यात ओढून ओढून खांदे गेले, मिस्त्रीने कार्बोरेटर उघडला तर जेटमध्ये मधासारखा पिवळा चिकटा आणि वाटीच्या तळाला पाण्याचे थेंब. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं, नि कोकणात ओलीला काय तोटा. म्हणून ठेवून देताना कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, कार्बोरेटर कोरडा होतो.

आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, जेव्हा मीठ-मसाला, सुकी मासळी, लाकडं भरतात तेव्हाच ह्याचीही आगोट करून घेतात, दहा मिनिटं चालवून पंप लावून बघायचा, एक जादा स्पार्क प्लग नि लिटरभर ऑईल डब्यात, आणि मशीन जमिनीवर न ठेवता ओट्यावर किंवा फळीवर. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला ज्यांचे जनरेटर तळमजल्यावर खाली होते ते पाण्याखाली गेले, लाईट जायच्याही आधी.